‘उपटू नका’ असं सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

पालापाचोळ्यातून वर आलेल्या त्या काळपट, बोटभर उंचीच्या बुरशीचा फोटो मी तुम्हाला पाठवला, तेव्हा मला फक्त नाव हवं होतं. नावं सुचवणारे बाकीही होते. कुणी झायलेरिया म्हणालं, कुणी जिओग्लॉसम. तुम्ही मात्र नाव न सांगता विचारलंत, ‘‘ती उगवली कशातून? उपटू नका, भोवतीची माती हलक्या हाताने काढत खाली जा.’’

त्या एका सूचनेसाठी हे पत्र. देठ जमिनीत शिरला की त्याचे पिवळेधमक दोरे होत होते. ब्रशने माती झटकत त्यांच्या मागे गेलो, तर ते एका तपकिरी, खरखरीत, सुपारीएवढ्या गोळ्याला जाऊन चिकटलेले! ओढली असती तर दोरे तुटले असते, गोळा मातीतच राहिला असता.

गोळा एलाफोमायसिसचा, म्हणजे झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशीचा. आणि तिच्यावर पोसलेली आपली टोलिपोक्लॅडियम ऑफिओग्लॉसॉइडिस. बुरशीच्या जिवावर जगणारी बुरशी! भिंगातून पाहिल्यावर तिच्या टोकावर बारीक ठिपके दिसले. बीजाणू बाहेर पडायची ती तोंडं. जिओग्लॉसमवर असे ठिपके नसतात. झायलेरियावर असतात, पण ती बहुधा कुजक्या लाकडावर येते, असल्या गोळ्यावर नाही. म्हणून मला वाटतं, ओळखीच्या कामात ‘कशातून उगवली’ हा प्रश्न रंग-आकाराच्या आधी विचारायला हवा.

तुम्ही तिची पुढची गोष्टही सांगितलीत, त्याचे आभार वेगळे. तिचे पूर्वज कीटकांवर जगत होते. मुळांपाशी राहणाऱ्या, सिकाडा नावाच्या कीटकाच्या पिल्लांवरून ते शेजारच्या या गोळ्यांवर आले असावेत, असं अभ्यासक मानतात. तिच्याच कुळातल्या टोलिपोक्लॅडियम इन्फ्लॅटमपासून सायक्लोस्पोरिन मिळालं, ज्याच्यामुळे प्रत्यारोपण केलेला अवयव शरीराने नाकारण्याचा धोका कमी होतो. हे कळल्यापासून त्या काळ्या बोटाकडे मी फार आदराने पाहतो.

आता आणखी एक सापडली आहे. हिचं डोकं गोल, देठापासून स्पष्ट वेगळं आहे. पिवळे दोरे नसून देठ थेट गोळ्याला भिडला असेल, तर ती टोलिपोक्लॅडियम कॅपिटाटम, हे तुमच्याकडूनच शिकलो. माती काढून, पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवतो. सवडीने पाहा.

आपला कृतज्ञ,
एक बुरशीवेडा