अभि, या वेळी गोळ्यांचे १४ दिवस पुरे कर

अभि,

काल फोनवर माझा आवाज चढला, चुकलंच माझं. आई म्हणाली पोरगं आजारी आहे आणि तुम्ही पोलिसासारखं काय विचारताय. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस म्हणून लिहायला बसलोय. गोळ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

जेवण कसं चाललंय? आक्कानं दिलेली नाचणी संपली का? मेसमधली कच्ची कोशिंबीर सध्या खाऊ नको, कुठल्या पाण्यात धुतात कोण बघतंय.

खरं सांगू का, "बरं वाटायला लागलं म्हणून आठव्या दिवशी बंद केल्या" असं तू म्हणालास ना, तिथंच माझं डोकं फिरलं. मार्चमधला तो कोर्स पुरा केला असतास तर आज परत या गोळ्या घ्यायला लागल्या असत्या का काय माहीत. बघ, काढलाच विषय.

मी काल तुझे रिपोर्ट मोबाइलवर घेऊन इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. पाऊण तास बसवून सांगितलं त्यांनी. हेलिकोबॅक्टर पायलोरी. पोटात एवढं ॲसिड असतं तरी हा जंतू आपल्याभोवती अमोनिया तयार करून जगतो आणि आतल्या चिकट थरात स्क्रूसारखा घुसून बसतो, म्हणून एका औषधाला दाद देत नाही, तीन-तीन चार-चार औषधं एकदम द्यायला लागतात. अल्सर यानं होतो हे कुणी मानत नव्हतं तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरनं १९८४ साली हा जंतू स्वतःच पिऊन दाखवला, आजारी पडला, आणि २००५ ला त्याला आणि त्याच्या जोडीदाराला नोबेल मिळालं. मी म्हटलं आमच्या तात्यांच्या वेळी हे कळलं असतं तर. तात्या जन्मभर खायचा सोडा पाण्यातून घेत राहिले आणि शेवटी काय झालं ते तू बघितलंयस. कॅन्सरला कारण होणाऱ्या गोष्टींच्या यादीत हा जंतू १९९४ पासून आहे. घाबरवायला नाही सांगत. म्हणजे मी स्वतः घाबरलोय म्हणून सांगतोय.

अर्धा कोर्स केला की कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागं राहून वाढतात. क्लॅरिथ्रोमायसीन या अँटिबायोटिकला न जुमानणारा हा जंतू जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली काळजीच्या यादीत वरती घातला. मेट्रोनिडॅझोलचं तर आपल्याकडं विचारूच नको, दोन वेळा जुलाब झाले की मेडिकलमधून एक पट्टी आणायची, दोन गोळ्या खायच्या, उरलेल्या फळीवर. तुला लहानपणी किती वेळा दिल्या त्या मीच.

आणि दूध. हे मला काल रात्रभर टोचत होतं. तू चौथीत असताना कोल्हापूरला कट्ट्यावर घेऊन जायचो तुला, समोर म्हशीची धार काढून ग्लास हातात, वर बोटभर फेस, तुझ्या ओठावर पांढरी मिशी यायची आणि तू ती पुसू द्यायचा नाहीस, आईला दाखवायची म्हणून. तालमीतली पोरं धारोष्ण प्यायची, मला वाटायचं माझा पोरगाही तसाच व्हावा. इराणमध्ये, इटलीत कच्च्या दुधाच्या तपासणीत या जंतूच्या खुणा सापडल्यात, गाईच्या, म्हशीच्या, मेंढीच्या पण. डॉक्टर म्हणाले बहुतेक वेळा हा लहानपणी घरातल्या माणसांकडूनच येतो, एका ताटात जेवून, हातातून, उलटीतून, दुधालाच धरून बसू नका. तरी पण.

हरणीला दगडी झालेली आठवते का? कास दगडासारखी घट्ट आणि दुधात गुठळ्या. सडात औषधाच्या ट्यूबा सोडल्या, एवढे दिवस दूध डेअरीला घालायचं नाही म्हणून सांगितलं. गुठळ्या गेल्या तरी दिवस बाकी होते, आक्का म्हणाली ओतून कशाला द्यायचं, आणि ते आम्ही घरात तापवून वापरलं, तुलाही दिलं. तापवून जंतू मरतात रे, औषध सगळं जात नाही. डेअरीला चालत नाही ते पोराला कसं चाललं, हा विचार तेव्हा आला नाही मला. तुझं दुखणं त्यातूनच आलं असं कुणी म्हणत नाहीये, पण माझ्या मनातून जात नाही.

झालं, लेक्चर झालं परत. माफ कर. तू एकट्यानं एन्डोस्कोपीला गेलास, आम्हाला दोन दिवसांनी सांगितलंस, मला राग आला आणि शेजारी सांगतानाही तेच अभिमानानं सांगितलं.

आता नवीन गोळ्यांचं. शी काळी झाली म्हणून तू घाबरून थांबवायचं म्हणत होतास, ती कोर्समधल्या बिस्मथ या औषधामुळे होते, जीभ पण काळी पडते. तरी चक्कर आली, उलटीत रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठ, माझ्या फोनची वाट बघू नको. तोंडाला लोखंडाची चव येते ती मेट्रोनिडॅझोलची. या दिवसांत मित्रांबरोबर बसायचं नाही, दारूचा थेंब नको, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. आणि टेट्रासायक्लीन दुधाबरोबर घ्यायचं नाही, दुधातलं कॅल्शियम ते औषध अंगाला लागू देत नाही. आक्काला सांगितलं तर तिला पटेना, दूध कसं काय वाईट म्हणते. कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबून, जंतू गेला का बघायला ती फुंकर मारायची टेस्ट, आणि ॲसिड कमी करायची गोळी तिच्या आधी दोन आठवडे बंद. तुझ्या डॉक्टरांना विचारून घे.

शनिवारी मी येतोय, साताऱ्याहून सहाची गाडी. बोलायचं नसेल तर नको बोलू, मी फक्त डबा ठेवून जाईन. तोपर्यंत रोज रात्रीची शेवटची गोळी घेतलीस की मला नुसता एक टिंब पाठव. मी जागा असतो.

बाबा