रब्बींची वस्त्रे काचेआड ठेवण्याआधी : इस्राएलच्या वारसा मंत्र्यांना खुले पत्र

मा. वारसा मंत्री,
इस्राएल सरकार, जेरुसलेम

महोदय,

आपल्या १९७८ च्या पुरावस्तू कायद्याची रेघ इ.स. १७०० वर आहे. त्याआधीची वस्तू आपोआप पुरावस्तू ठरते; नंतरची असेल तर ऐतिहासिक मोल पाहून मंत्र्यांनी तसे जाहीर करावे लागते. हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे आद्य गुरू बाल शेम तोव वारले १७६० मध्ये. म्हणजे हसिदी रब्बींच्या, अर्थात धर्मगुरूंच्या, वापरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू या संरक्षणाबाहेर राहते. निवडक वस्त्रांसाठी तो अधिकार वापरा आणि प्रदर्शनाच्या अटीही त्याच आदेशात घाला, एवढेच आमचे मागणे.

पहिली अट, खरेपणाची. 'अमुक रब्बींचा अंगरखा' अशी पाटी लावायला काय लागते? मूळ शिवण दहापट भिंगाखाली पाहा. मशिनची दोन दोऱ्यांची टीप अठराव्या शतकातल्या कपड्यात असूच शकत नाही. मात्र काखेतली टीप पुरावा धरू नका, तिथे नंतरची डागडुजी असते. शिवणीतल्या मायेतून ३-५ मिलिमीटर धागा काढून रंग तपासा. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे. कार्बन चाचणीवर पैसे घालवू नका, १६५० नंतरच्या वस्तूंना ती शे-दोनशे वर्षांचा पट्टा दाखवते. कागदोपत्री पुरावा, घराण्याची परंपरा, की नुसता त्या काळचा कपडा, हे पाटीवर स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट जतनाच्या पुस्तकांत सापडत नाही. फाटक्या लोकरी कोटाला आतून लिननचा आधार शिवला की लोकर आणि लिनन एकत्र येतात, आणि तोराने, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाने, असे कापड अंगावर घालणे निषिद्ध मानले आहे. असा कोट काचेआड सुरक्षित राहील, पण तो आधार उसवल्याशिवाय वंशजांना अंगावर घालता येणार नाही. लोकरीला सुती किंवा रेशमी आधार द्यावा, शिवायचा दोराही रेशमाचाच असावा. आधी घराण्याला विचारावे, मग सुई उचलावी.

ब्रेस्लोवचे हसिदी गुरू रब्बी नाख्मान यांची खुर्ची तुकड्यातुकड्यांनी जेरुसलेमला आली आणि जोडली गेली. लाकूड हे सोसते, रेशीम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेशमाचे वजन वाढवायला त्यात कथलाचे क्षार मुरवत. तो कपडा हँगरवर टांगला की खांद्यापासून उभा चिरतो. घेरात २-३ सेंटिमीटर कमी असलेला फोमचा धड-साचा, वर सुती आवरण, हाच उपाय. प्रकाश ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक), दिवसाला आठ तास, सलग तीन महिने. हे ३६,००० लक्स-तास झाले. त्यापुढे कपडा अंधारात.

तल्लीतच्या, म्हणजे प्रार्थनेच्या शालीच्या, गळपट्टीवरची जर चांदीची असते. पॉलिश लावले की वरचा पत्रा झिजतो आणि आतला सुती दोरा उघडा पडतो. कपाटात लोकरी नमदा अंथरू नका, त्यातल्या गंधकाने जर काळवंडते. प्लायवूडही नको, त्यातून आम्ल सुटते.

श्ट्राइमल, म्हणजे फरची टोपी, कसरीच्या तावडीत सर्वांत आधी सापडते. डांबरगोळ्या नकोत. हवा काढून पॉलिथिनमध्ये सीलबंद करा, उणे ३० अंशांवर ७२ तास ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड फरवर दव धरते. जुन्या फरला कधीकधी सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, चोळलेला असतो, म्हणून हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावावा.

आपले,
वस्त्रजतनाचे काम करणारे काही मराठी भाषक