पाच डॉलरचा परवाना आणि नाताळचे झाड

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कुटुंबे नाताळसाठी सहकुटुंब जंगलात जातात आणि स्वतःच्या हाताने झाड कापून आणतात, या प्रथेवर आपल्या पत्रातील वाचकांच्या सदरात एका भगिनींनी नुकतीच कडक टीका केली. लहान मुलांच्या देखत उभे झाड तोडणे हा त्यांच्या मते निसर्गाविषयीचा उघड निष्ठुरपणा आहे. मी वनखात्यातून निवृत्त झालो असून एक हिवाळा ऑरेगनमध्ये मुलाकडे काढला आहे. त्या मुक्कामात मी स्वतः अशा एका सहलीला गेलो होतो आणि माझी नात बुंध्यावर करवत चालवत असताना खालच्या फांद्या वर धरून उभा होतो. म्हणजे या खटल्यात मी साक्षीदार कमी आणि सहआरोपी अधिक आहे, हे ध्यानात ठेवूनच माझे म्हणणे वाचावे.

पत्रलेखिकेची पहिली चूक अशी की त्यांनी राष्ट्रीय उद्याने आणि राष्ट्रीय वने यांची सरमिसळ केली आहे. राष्ट्रीय उद्यानात नाताळसाठी झाड तोडता येत नाही. राष्ट्रीय वने मात्र वेगळी आहेत. कृषी खात्याच्या अखत्यारीतील वनसेवा ती सांभाळते, त्यांची संख्या १५४ आणि राष्ट्रीय गवताळ प्रदेश धरून क्षेत्र सुमारे १९.३ कोटी एकर आहे, आणि लाकूड, चराई, पाणी व सहल अशा अनेक उपयोगांसाठी ती राखलेली आहेत. त्यांपैकी पुष्कळ वनांत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळच्या झाडाचा परवाना विकत मिळतो. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत तो एका झाडाला ५ डॉलरला मिळतो, इतरत्र अनेक ठिकाणी १० ते २० डॉलर पडतात, आणि संकेतस्थळावरून घेतल्यास वर अडीच डॉलर सेवाशुल्क द्यावे लागते. एका घराने किती झाडे न्यावीत याला मर्यादा आहे. इयत्ता चौथीत शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तर केंद्र सरकारच्या एका योजनेखाली हा परवाना विनामूल्य मिळतो. माझी नात त्या वर्षी नेमकी चौथीत होती, त्यामुळे परवाना तिच्या नावाचा आणि निवडीचा हक्कही तिचाच, असे घरात ठरून गेले होते.

परवान्यासोबत नियम आणि नकाशा येतो, आणि मला खरा रस वाटला तो त्यातच. मोठा रस्ता, तळ ठोकण्याच्या जागा आणि विश्रामस्थाने यांपासून २०० फूट दूर जावे, ओढे, तळी आणि पाणथळ जागांच्या काठचे झाड घेऊ नये, बुंध्याचा व्यास ६ इंचांच्या आत असावा, मागे राहणारा खुंट जमिनीपासून ६ इंचांहून उंच नसावा, आणि उंच झाडाचा नुसता शेंडा कधीही कापू नये, अशी सर्वसाधारण शिस्त आहे. झाडाची उंची अनेक ठिकाणी १२ फुटांपर्यंतच चालते. गाडीवर चढवण्याआधी परवान्याची चिठ्ठी झाडाला बांधावी लागते. सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणजे एकटे, मोकळ्यावर वाढलेले डौलदार झाड सोडावे आणि गर्दीतले घ्यावे. आमच्या खात्याच्या भाषेत याला विरळणी म्हणतात, आणि ती कशी करावी हे शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. दाटीत वाढणाऱ्या रोपांना ऊन, पाणी आणि जागा पुरत नाही. त्यांतली काही काढली तर उरलेली जोमाने वाढतात, न काढल्यास सगळीच खुरटतात.

आम्ही माउंट हूडच्या राष्ट्रीय वनात गेलो होतो. सकाळी लवकर निघालो, कारण तिथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारू लागते आणि वनातल्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या, दोर, ताडपत्री, फावडे, हातकरवत आणि दोन थर्मास एवढे सामान होते. मुलाच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे कुटुंब वाट दाखवायला पुढे होते. त्यांच्या घरी ही सहल आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. झाडाशी पोहोचायला आम्हाला दोन तास लागले आणि ते कापायला चार मिनिटे. या दोन तासांत काय घडते ते आपल्या पत्रलेखिकेने पाहिले असते, तर त्यांचा राग थोडा निवळला असता असे मला वाटते.

तिथली झाडे स्प्रूस, फर, पाइन अशी सुईसारख्या पानांची. मुले एकेका झाडाची पाने बोटांत धरून पाहत होती. स्प्रूसचे सुईसारखे पान चौकोनी असते, त्यामुळे ते चिमटीत फिरते. फरचे चपटे असते, ते फिरत नाही. पाइनच्या सुया जुडीने येतात आणि एका जुडीत किती सुया आहेत यावरून जात ओळखायला मदत होते. ही मोजणी निव्वळ खेळ नाही, कारण पाच सुयांची व्हाइटबार्क पाइन ही जात २०२२ च्या डिसेंबरमधील निर्णयानुसार धोक्यात आलेल्या जातींच्या सरकारी यादीत आहे. डग्लस फर हे नावाने फर असले तरी खरे फर नव्हे. त्याचे शंकू, म्हणजे बिया धरणारी बोंडे, खाली लोंबतात, तर खऱ्या फरचे शंकू फांदीवर ताठ उभे राहतात आणि पिकल्यावर जागच्या जागी विखरून पडतात. शिवाय या झाडांच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने येतात आणि साधारणपणे एका मजल्याचा हिशेब एक वर्ष असा असतो. नातीने निवडलेले पॅसिफिक सिल्व्हर फर जेमतेम सात फुटांचे होते. ते मोठ्या झाडांच्या सावलीत, हातभर अंतरावरच्या दुसऱ्या दोन झाडांत अडकून वाढले होते. कापल्यावर बुंध्यावरची वर्तुळे मोजली, तर ती २६ भरली. ही जात सावलीत वर्षानुवर्षे अशी दबून तग धरते हे मला पुस्तकातून ठाऊक होते, बोटाने मोजून पाहिले ते त्या दिवशी. आपल्यापेक्षा हे झाड सतरा वर्षांनी मोठे आहे हे कळल्यावर नात बराच वेळ गप्प होती. सागासारखे फुटवे फरच्या खुंटाला येत नाहीत, हेही मी तिला सांगून टाकले. खोटा दिलासा देण्यात अर्थ नव्हता.

आता वणव्याचा मुद्दा. १९१० साली आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि त्या धसक्यातून वनसेवेने प्रत्येक आग विझवण्याचा पण केला. १९३५ मध्ये तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणावी, असे धोरणच ठरले. परिणामी, जिथे पूर्वी वारंवार लागणाऱ्या लहान आगी जमिनीलगतची रोपे जाळून टाकत, त्या कोरड्या पाइन वनांत लहान झाडांची दाटी माजली, आणि आज हीच दाटी खालच्या आगीला शेंड्यापर्यंत चढायला शिडी पुरवते. म्हणून नाताळचे झाड कापणे ही वनाची सेवाच, असे तिकडे हौसेने सांगितले जाते. मला हे बोलणे अर्धेच पटते. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावरची ओली वने मुळातच क्वचित जळतात, तिथे हा युक्तिवाद लंगडा पडतो. आणि घरटी एक झाड नेल्याने लाखो एकरांची दाटी कमी होईल, असे कोणताही वनकर्मचारी म्हणणार नाही. या सहलीने वनाचे फारसे भले होत नाही, पण नियम पाळले तर वाईटही होत नाही, एवढेच मी जबाबदारीने सांगू शकतो.

तोडीचे प्रमाणही लक्षात घ्यावे. अमेरिकेत दरवर्षी विकली जाणारी अडीच-तीन कोटी खरी झाडे बहुतांशी शेतात पिकवलेली असतात. ऑरेगन आणि नॉर्थ कॅरोलायना ही राज्ये त्यात पुढे आहेत. मात्र १८५१ साली कॅट्स्किल डोंगरातून झाडे आणून न्यूयॉर्कच्या बाजारात विकली गेली, तेव्हा ती सगळी रानातलीच होती. जंगले राखण्याबद्दल ज्यांचे नाव घेतले जाते त्या अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा मुलगा आर्ची याने १९०२ च्या नाताळात व्हाइट हाउसच्या एका कपाटात छोटे झाड लपवून ठेवले होते, अशी हकीकत रूझवेल्ट यांच्याच पत्रात आहे. त्यांनी ती रागाने नव्हे, कौतुकाने लिहिली आहे.

टीकाच करायची तर ती दुसऱ्या गोष्टींवर व्हावी. एका झाडासाठी दीड-दोनशे मैल मोठी गाडी पळवणे मला आजही खटकते. काही मंडळी एक झाड कापतात, पुढे अधिक देखणे दिसले की पहिले बर्फात टाकून देतात. आम्ही परतताना असे एक पाहिले, त्याला चिठ्ठी नव्हती. जवळच एका उंच झाडाचा फक्त शेंडा कापून नेलेला होता. ताज्या कापाची जागा पांढरी दिसत होती आणि ती पाहून माझ्यातला जुना वनरक्षक जागा झाला, पण तिथे पंचनामा करण्याचा अधिकार मला नव्हता.

शेवटी एक दुरुस्ती. त्या पत्रासोबत आपण जे छायाचित्र छापले, त्यातले झाड जंगलातले नव्हे. इतका घट्ट, कापून बेतल्यासारखा शंकूचा आकार दर उन्हाळ्यात कातरणी केल्यावरच येतो, म्हणजे ते शेतातले आहे. रानातल्या झाडाच्या दोन मजल्यांमधून पलीकडची भिंत दिसते. आमच्या झाडाची सावलीकडची बाजू तर जवळपास बोडकी होती, ती आम्ही कोपऱ्याकडे फिरवून ठेवली.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त वनक्षेत्रपाल