कँटीनच्या काकांस, उजव्या बुटाबाबत

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पणजीत स्क्वॉशच्या दुहेरी स्पर्धेत ज्याच्या उजव्या बुटाने ऐनवेळी जबडा उघडला, तो फोंड्याचा गृहस्थ मी. एक पाय बुटात, एक नुसत्या मोज्यावर, असा लंगडी घालत तुमच्या कँटीनमध्ये शिरलो होतो.

खरं तर दोष मेहुण्याचा. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दीपिका पल्लीकल आणि जोश्ना चिनप्पा यांनी दुहेरीचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून 'आपण दोघं' त्याच्या डोक्यात बसलंय. आणि बूट चवथीच्या आधीपासून कपाटात. आपल्याकडच्या पावसात कमरेच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, तिथे सोलच्या गोंदाने किती तग धरावा?

साधे बूट चालत नाहीत, लाकडी फरशीवर काळे ओरखडे उठतात, हे मान्य. पण टेबलावरच्या साहेबांनी मानही वर न करता "अर्ध्या तासात या, नाहीतर वॉकओव्हर" म्हणावं? आणि एका खेळाडूच्या बॅगेत माझ्याच मापाचा जादा जोड दिसत होता. त्याने माझ्याकडे बघत हळूच चेन ओढली. ती चेन मला अजून ऐकू येते.

तुम्ही मात्र "कितें जालें?" एवढंच विचारलंत. गल्ल्याखालून गोंदाची ट्यूब काढलीत, दोन्ही बाजूंना लावलीत, "रांव, सुकूंक दी" म्हणत मला भाजी-पाव खायला बसवलंत. मग भरलेला गॅस सिलिंडर गडगडत आणून बुटावर उभा केलात!

पण पत्र लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. मॅच तुम्ही पाहिलीतच. एकेरीचं २१ फूट रुंद कोर्ट, त्यात पन्नाशीचे चौघं. मी म्हणतोय "तुझा!", मेहुणा म्हणतोय "तुझा!", आणि चेंडू दोघांच्या मधून निघून जातोय. एकदा तर मेहुण्याने असा सणसणीत फटका मारला की तो थेट माझ्या पाठीत. गुण अर्थातच समोरच्यांना. पाठ चोळत वळलो, तर काचेपलीकडे तुम्ही. खांद्यावर फडकं, हातात तीच ट्यूब. चेंडूकडे तुमचं लक्षच नव्हतं, नजर माझ्या उजव्या बुटावर. तिन्ही गेम तुम्ही तसेच उभे होतात. कँटीनमध्ये गिऱ्हाइकं हाका मारत होती म्हणे.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अशी माणसं भेटतात, म्हणून तुमच्यासारखे खेळायला जायची हिंमत करतात."

शेवटचा गेम आम्ही ९-११ ने घालवला. बूट शाबूत आहे. परतताना जुन्या गोव्यापाशी चहाला उतरलो आणि डाव्याचा सोल सुटला. येत्या रविवारी घेऊन येतो. तेवढा सिलिंडर भरलेला ठेवा.