कुकर परत जातोय, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले की बाबा "जाऊ दे गं, दोन हजारसुद्धा नाहीत" म्हणतात आणि आई लगेच "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच पाठवते. शेजारचा ओंकार प्रिंट काढून देईल. कागद फ्रिजवर लावा, बाबांच्या फायलीत घालू नका. त्या फायलीत गेलेलं पुन्हा दिसत नाही, हे आपल्या तिघांनाही माहीत आहे.

आधी जे करून बसले ते सांगते. बाबांनी ऑनलाइन मागवलेला कुकर नकली निघालाय, म्हणून तो परत करण्याची विनंती मी काल रात्रीच टाकली. बाबांकडून साडेनऊला जो ओटीपी मागून घेतला, तो त्यासाठीच होता. विचारायला हवं होतं, मान्य. पण पार्सल आलं ३ तारखेला आणि परत करायची मुदत दहा दिवसांची. विचारत बसले असते तर तुम्ही "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला असतात आणि १३ तारीख उलटली असती. मुदत उलटली की ॲपमधलं ते बटणच नाहीसं होतं, मग प्रत्येक गोष्ट पत्रव्यवहाराने करावी लागते. १,८९९ रुपयांसाठी मी एवढी धडपड करत नाहीये, हे बाबांनी आधी मनावर घ्यावं. चादर नकली निघाली असती तर मीही सोडून दिलं असतं.

कुकरच्या झाकणावर जो छोटा सेफ्टी वॉल्व असतो ना, त्यात एक मिश्रधातू भरलेला असतो. शिट्टीची वाट तुंबली किंवा आतलं पाणी आटलं, की ठरावीक तापमानाला तो वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. नकली मालात तिथे नुसता पितळी स्क्रू बसवला तरी बाहेरून फरक कळत नाही. आणि आई त्या कुकरपासून हातभर अंतरावर उभी राहून पोळ्या लाटते. एवढंच माझ्या डोक्यात आहे, बाकी काही नाही.

ऑनलाइन मागवा, रविवार कारंजाला रिक्षातून उतरून भांडी बाजारापर्यंत गुडघा घेऊन कशाला चालता, हे मीच म्हटलं होतं. तेव्हा बाबा, तुम्ही फसलात वगैरे मनात आणू नका. पान अगदी खऱ्यासारखं होतं, मीही तेच मागवलं असतं.

आता तो नकली आहे हे कशावरून, ते. आईने बुडाचा आणि खोक्याचा फोटो पाठवला म्हणून सगळं हाती लागलं. घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या चिन्हाच्या वर आयएस २३४७ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. आपल्या कुकरवर दोन्ही आहेत, छानपैकी ठसठशीत आहेत. पण बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो परवाना क्रमांक घातला, तर परवाना दुसऱ्याच कारखान्याचा आणि तोही विजेच्या प्लगचा निघाला. असंच करतात हे लोक. खोटा क्रमांक रचण्याऐवजी कुणाचा तरी खरा उचलतात, म्हणजे नुसतं चिन्ह बघणाऱ्याचं समाधान होतं.

खोक्यावर किमतीच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर आहे, बनवल्याचा महिना-वर्ष नाही आणि तक्रारीसाठी फोन क्रमांकही नाही. वेष्टनावर हे सगळं असणं कायद्याने बंधनकारक आहे. तरी एवढ्यावर मी थांबले नाही. ज्या कंपनीचं नाव त्यावर छापलंय, तिच्या ग्राहक सेवेला फोटो आणि झाकणावरचा क्रमांक मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं, की हा क्रमांक आमच्या उत्पादनाचा नाही. आपल्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद हाच. आपण "नकली वाटतो" म्हणणं वेगळं आणि ज्याचं नाव वापरलंय त्याने "हा माझा नाही" म्हणणं वेगळं. बिलावरच्या विक्रेत्याचा जीएसटी क्रमांकही पाहिला. सुरुवातीचे आकडे ०७ आहेत, म्हणजे दिल्लीचा (आपल्या महाराष्ट्राचे २७). दिल्लीचा म्हणून कुणी लबाड ठरत नाही, पण पुढे नोटीस पाठवायची वेळ आली तर पत्ता हवा म्हणून टिपून ठेवला. विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉटही काढलेत, कारण तक्रार गेली की पान गायब होतं आणि "आम्ही अस्सल असं कुठे लिहिलं होतं" हा प्रश्न उलटा आपल्यालाच येतो.

बाबा, तुम्ही मध्यंतरी कारण म्हणून "आता गरज नाही" निवडून पाहिलं होतंत. मी ते रद्द करून "वस्तू अस्सल नाही" निवडलं. "गरज नाही" म्हटलं की तो तुमच्या मर्जीचा परतावा होतो आणि वापरलेली वस्तू म्हणून नाकारणं त्यांना सोपं जातं. वस्तू बदलून द्या असंही मी म्हटलेलं नाही. त्याच विक्रेत्याच्या त्याच गोदामातून दुसरा तसलाच येईल, आणि मोजायला नवी मुदत तेवढी मिळेल. पैसेच परत मागितलेत.

तुम्ही रोखीने दिले होते, म्हणून आता ते बँक खाते विचारतात. मी तुमचं जोड खातं दिलंय, गंगापूर रोडच्या शाखेतलं. ॲपमध्येच "पैसे वॉलेटमध्ये लगेच मिळतील" अशी पाटी येईल. तिला हात लावू नका. ते पैसे त्याच दुकानात खर्चावे लागतात.

बुधवारी न्यायला मुलगा येईल. तो यायच्या आधी आईने खोकं बंद करताना बाबांनी मोबाईलवर एका दमात व्हिडिओ काढायचा. कुकर, झाकण, आतली दोन भांडी, पुस्तिका, सगळं टेबलावर मांडून, बुडाचा क्रमांक दिसेल असं, मग खोक्यात घालून चिकटपट्टी लावेपर्यंत. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ असला की तेवढ्यात वस्तू बदलली असं म्हणायला त्यांना वाव मिळतो. बिल खोक्यात घालू नका, छायाप्रत घाला. मुलाने खोकं हातात घेतल्यावरच तो मागेल तो ओटीपी सांगायचा, दारात उभा असताना नाही. आणि तुमच्या मोबाईलवर "वस्तू मिळाली" असा संदेश येईपर्यंत त्याला पाणी-बिणी देत बसवून ठेवा, आईला ते छान जमतं.

एक अडचण येऊ शकते. त्यात दोनदा खिचडी झालीय, आणि तो मुलगा "वापरलेला आहे" म्हणून नेणार नाही असं म्हणू शकतो. त्याच्याशी वाद घालू नका हं बाबा, त्याच्या हातातल्या यंत्रात जेवढे पर्याय असतात तेवढेच तो दाबतो. नाकारल्याचं कारण ॲपमध्ये दिसतं, त्याचा फोटो मला पाठवा, कुकर घरातच ठेवा. पुढचं मी पाहीन. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू बनावट असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देताच येत नाही. मग पानावर "परत होणार नाही" लिहिलेलं असो की खिचडी झालेली असो. शिवाय त्या ऑनलाइन बाजाराला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. त्याच्या नावाचा मेल मी लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचा बाकी आहे.

तिथेही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, मध्ये पडतात, पण सरकारी क्रमांकाची तक्रार नोंदली गेली की बऱ्याच जणांची भाषा मऊ होते. आणि अगदीच शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. बाबांना दिल्लीला जावं लागेल का ही काळजी आहे, तर नाही. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि अर्ज ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो. तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. कुकरच्या बाबतीत या बाजारांना फटका बसलेला आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या संकेतस्थळांना लाख-लाख रुपये दंड केला होता आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचताना बाबांनी चष्मा लावावा. परताव्याची विनंती गेली की पाठोपाठ फोन येतात. "सर, तुमचा रिफंड अडकलाय." मराठीतही बोलतील, गोडही बोलतील, कदाचित ऑर्डरचा क्रमांकसुद्धा सांगतील. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पाच रुपये आधी पाठवावे लागत नाहीत आणि मोबाईलवर कुठलंही नवं ॲप घ्यावं लागत नाही. कुणी यातलं एक जरी मागितलं तरी फोन ठेवायचा, "बरं बरं" सुद्धा म्हणायचं नाही. गूगलवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधायचा नाही, तिथे चोरांनीच आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. काल ओटीपी मी मागितला आणि तुम्ही दिलात, ते माझा आवाज होता म्हणून. मेसेजवर माझ्या नावाने कुणी मागितला तर आधी मला फोन करून विचारायचं, आजीच्या खोलीतल्या घड्याळाखाली काय लिहिलं होतं. आणि काही झालंच, तर लाजून दोन दिवस गप्प बसू नका. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच मिळतात, त्यामुळे पहिला तासभर सोन्याचा. मी रागावणार नाही. खरंच नाही.

आई, तुझी गैरसोय होतेय हे कळतंय मला. बाबांना मऊ भात लागतो, पातेल्यात तो बुडाला लागतो आणि तू खरवड स्वतःच्या ताटात घेतेस, हे मला इथे बसूनही दिसतं. शनिवारी दादा भांडी बाजारातून पाच लिटरचा नवा घेऊन येतोय. छापील बिल आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का घेऊन, आणि परवाना क्रमांक दुकानातच तपासून, असं त्याला तीनदा सांगितलंय. तोवर तूरडाळ तासभर भिजवून ठेव, पातेल्यात हिंग-हळद-तेल घालून झाकणावर पाणी ठेवून शिजव, गॅसही कमी जातो. तो जुना कुकर मात्र माळ्यावरून काढू नकोस. त्याचं रबर लाकूड झालंय. बाबांनी शिडीवर चढायचं नाही, ओंकारलाही चढवायचं नाही.

आणि यापुढे, रागावू नका, ज्यात वाफ, वीज किंवा औषध आहे ते ऑनलाइन मागवायचं नाही. पुस्तकं, चादरी, बाबांची ती शब्दकोडी खुशाल मागवा. मागवताना रोख देण्यापेक्षा माझं कार्ड वापरा. नकली माल निघाला तर कार्डावरून बँकेकडे वाद नोंदवून पैसे परत मागता येतात, रोखीला ती सोय नाही. तुमची मोकळीक काढून घेतेय असं नका समजू. शाळेत असताना मला एकटीला सीबीएसवरून बसमध्ये बसवायचात आणि खिडकीतून "तिकीट खिशात ठेव, मुठीत नको" सांगत बसच्या बरोबरीने चालत राहायचात. तेवढंच करतेय मी.

गुडघ्याला शेक चालू आहे ना? शुक्रवारी फोन करते.

तुमची,
मनू

ता. क. आई, शिट्टी हरवू नये म्हणून तू वेगळी काढून मसाल्याच्या डब्याशेजारच्या बरणीत ठेवली असशील. ती खोक्यात घाल, नाहीतर तो मुलगा "एक भाग कमी आहे" म्हणून परत जाईल.