ट्यूबलाइटखाली तालीम आणि हॅलोजनखाली प्रयोग

मा. संपादक,

इंटरॅक्टिव्ह टेक्नॉलॉजी आणि रंगमंच यावरचा कालचा लेख वाचला, आणि मुलांना सॉफ्टवेअर शिकवलं की झालं असं त्यात म्हटलंय ते वाचून राहवेना. नाही हो होत! मी नाच शिकवते, डोळ्यांनी बघितलंय.

माझ्या एका विद्यार्थिनीने तीन महिने खपून एक तुकडा बसवला होता. हात उचलला की मागच्या पडद्यावर रेषा उमटायच्या, हात थांबला की विरायच्या. पॅच, म्हणजे कॅमेऱ्याला दिसलेल्या हालचालीवरून रेषा काढणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, तोही तिचाच. क्लासमध्ये ट्यूबलाइटखाली सगळं झकास चालायचं. स्टेज मिळालं थेट प्रयोगाच्या दिवशी, तेही तासभर, आणि वरचे हॅलोजन लागले तसं ट्रॅकिंग (हाताचा माग काढणं) भरकटलं, कारण तिचा डेप्थ कॅमेरा, म्हणजे अंतर मोजणारा कॅमेरा, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशावर बघतो आणि हॅलोजनमधून इन्फ्रारेडचा नुसता मारा होतो. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, तेव्हा मलाही माहीत नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं. शेवटी रेषा उमटवायला विंगेतला मुलगा लॅपटॉपची बटणं दाबत बसला. टाळ्या पडल्या. ती मात्र मेकअप न उतरवता पायऱ्यांवर बसून होती, 'हात माझा होता, रेषा माझी नव्हती' एवढंच म्हणाली.

१९६५ मध्ये नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी स्टेजवर अँटेना आणि फोटोसेल (उजेड ओळखणारे सेन्सर) लावून नर्तकांच्या हालचालीवर आवाज बदलवला होता, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये १० कलावंत आणि बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेचे ३० च्या आसपास इंजिनियर यांनी मिळून प्रयोग उभे केले. म्हणजे साठ वर्षांपूर्वी जे एकत्र बसले ते आपण आज वेगवेगळ्या तासांना शिकवतोय, कोडचा तास सोमवारी, नाचाचा गुरुवारी, आणि दोन्ही शिक्षकांची गाठ पडते ती रंगीत तालमीला! सेन्सर पहिल्या तालमीपासून हवा, आणि स्टेजच्याच लाइटखाली हवा. रेषा हातापेक्षा किंचित उशिरा येते, तेवढं थांबणं अंगात मुरायला आठवडे लागतात, ते मॅन्युअल वाचून येत नाही.

आणि एक, लेखासोबतच्या फोटोखाली दिग्दर्शकाचं नाव आहे, प्रोजेक्टर पुरवणाऱ्यांचंही आहे, पॅच लिहिणाऱ्या मुलांची नावं कुठेच नाहीत. पुढच्या अंकात ती छापा, प्लीज.

– एक नृत्यशिक्षिका