पुढच्या टायरचे माप चुकवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २२५/४५ आर १८ ऐवजी २२५/५० आर १८ टायर बसवल्याबाबत

महोदय,

आपल्या पुण्यातील दुकानातून बीएमडब्ल्यू ३ सीरिजला (एफ३० पिढीचे मॉडेल, मागच्या चाकांवर चालणारी) पुढचे दोन टायर बसवून घेतले. ऑर्डर २२५/४५ आर १८ ९१ वाय (९१ हा भारांक, वाय हे वेग अक्षर), रनफ्लॅट म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, अशी होती. बसवले ते २२५/५० आर १८ ९५ व्ही, साधे. मागे कंपनीच्या मापाचे २५५/४० आर १८ रनफ्लॅट तसेच आहेत. विचारल्यावर उत्तर मिळाले, "एक नंबर उंच टाकलाय साहेब, खड्ड्यांना बरा. रिम तीच आहे, चालतंय."

रिमवर बसला म्हणजे टायर गाडीला बसला असे होत नाही. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये; ४५ आणि ५० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची, रुंदीच्या टक्क्यांत. २२५ च्या ४५ टक्के १०१.२५ मिमी, दोन्ही बाजूंचे २०२.५, त्यात १८ इंची रिमचे ४५७.२ मिळवा: बाहेरचा व्यास ६५९.७ मिमी. मागच्या २५५/४० चा ६६१.२ येतो. फरक दीड मिलिमीटर, म्हणून ही जोडी जमते. आपण बसवलेल्या टायरचा व्यास ६८२.२ आहे, म्हणजे मागच्यापेक्षा २१ मिमी जास्त. पूर्वी दर किलोमीटरला पुढचे चाक मागच्यापेक्षा साधारण एक फेरा जास्त घ्यायचे, आता १५ फेरे कमी घेते. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करूनच निर्णय घेतात. डीएससीचा पिवळा दिवा कोरड्या, सरळ रस्त्यावर लुकलुकायला लागला तो या बदलानंतरच. हीच गाडी चारचाकी ड्राइव्हची असती, तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा क्लच सतत घासत राहिला असता.

शिवाय त्रिज्या सव्वाअकरा मिमीने वाढली. स्टिअरिंग पूर्ण वळवून स्पीडब्रेकरवर चढवले की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक अस्तराला लागतो. दोन्ही बाजूंना घासून चकाकलेला पट्टा पडला आहे, फोटो जोडले आहेत.

चूक कुठून आली असावी याचा अंदाज आहे. याच गाडीला १७ इंची रिमवर २२५/५० आर १७ हे कंपनीचेच माप आहे, त्याचा व्यास ६५६.८ मिमी. तक्त्यातला २२५/५० उचलून १८ पुढे लावलेला दिसतो. खड्ड्यांची खरी काळजी असेल तर १७ इंची रिमचा पूर्ण सेट सुचवायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, ते वाचायला अर्धा मिनिट लागतो.

भारांक ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, गरजेपेक्षा जास्तच, त्याबद्दल तक्रार नाही. रनफ्लॅटबद्दल मात्र आहे. डिकीच्या तळाला स्टेपनीचा खड्डाच नाही. रनफ्लॅट हवा गेल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किमी नेतो, साधा टायर रस्त्यातच बसतो. पुढे मऊ आणि मागे कडक साइडवॉल असली की वळणावर गाडी दोन तऱ्हांनी वागते, ते वेगळेच. भरीस भर, एका टायरवर ३६२३ आणि दुसऱ्यावर ०८२५ असा आठवडा-वर्षाचा शिक्का आहे. एकाच आक्सलवर दीड वर्षाच्या अंतराची जोडी!

मागणी अशी: दोन्ही टायर परत घेऊन २२५/४५ आर १८, भारांक ९१ किंवा वर, वेग अक्षर वाय, रनफ्लॅट, शक्यतो बीएमडब्ल्यूच्या मान्यतेची तारा-खूण असलेले, जवळजवळच्या आठवड्यांतले बसवावेत. व्हॉल्व आणि बॅलन्सिंग आपल्या खर्चाने. घासलेली अस्तरे तपासून खराब असल्यास बदलावीत. बिलावर "१८ इंची टायर २ नग" न लिहिता पूर्ण माप आणि शिक्क्याचा आकडा लिहावा.

१५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्यात येईल.

सोबत: ऑर्डर व बिलाची प्रत, साइडवॉल, दारावरचे स्टिकर आणि अस्तराचे फोटो.

आपला ग्राहक